यमूला बोलते करणारे हरिभाऊ

मराठी कादंबरीला वास्तवाची वाट दाखविणारे हरी नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. हरिभाऊ या नावाने ते वाचकांना परिचित आहेत. सामाजिक आणि ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून त्यांचा गौरव होतो. मात्र कथा कोणाच्या मुखातून सांगावी, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तरही तितकेच मोलाचे आहे.

त्यांचे शिक्षण मुंबई व पुणे येथे झाले. गणितात गती नसल्याने त्यांना पदवी मिळू शकली नाही. परंतु इंग्रजी व संस्कृत साहित्याचे त्यांचे वाचन दांडगे होते. गोपाळ गणेश आगरकर यांच्या सुधारणावादी विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या आनंदाश्रम या संस्थेचा कारभारही त्यांनी सांभाळला.

१८८५ मध्ये 'पुणे वैभव' या पत्रातून त्यांची 'मधली स्थिती' ही पहिली सामाजिक कादंबरी प्रसिद्ध होऊ लागली. तिचे निवेदन तृतीय पुरुषी आहे. पात्रांकडे बाहेरून पाहणारा आणि त्यांच्या वर्तनावर भाष्य करणारा लेखक तीत सर्वत्र जाणवतो. विधवांच्या दुःस्थितीवरील बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ मध्येच आली होती. तीतही कथेची सूत्रे लेखकाच्याच हाती होती.

१८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. या वेळी त्यांनी निवेदकाची जागा सोडली आणि ती यमू या मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातील मुलीला दिली. संपूर्ण कथा तीच सांगते. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. त्यावरून पुण्यात पुरुषांचे वाद रंगले असताना, ज्या मुलींविषयी हा वाद होता त्यांच्यापैकीच एक जणू 'करमणूक'च्या वाचकांशी आठवड्यामागून आठवडे बोलत होती.

या निवडीमुळे लेखकावर कठोर बंधन आले. यमूने जे पाहिले, ऐकले किंवा तिला मागाहून कळले, तेवढेच सांगता येणार होते. बैठकीत पुरुषांनी घेतलेले निर्णय तिच्यापर्यंत पोहोचतात ते परिणामांच्या रूपाने. वाचकालाही तिच्याइतकेच अंधारात राहावे लागते. तिची असहायता त्याला समजावून सांगावी लागत नाही. तो ती अनुभवतो.

या निवेदनात दोन यमू आहेत. एक भातुकली खेळणारी, वडिलांच्या धाकात वाढणारी अजाण मुलगी, तर दुसरी सारे सोसून झाल्यावर मागे वळून पाहणारी स्त्री. पहिलीला जे उमगत नाही, त्याचा अर्थ दुसरी जाणते. पती रघुनाथरावांनी लावलेली वाचनाची गोडी आणि मुंबईतील सुखाचे दिवस वाचताना म्हणूनच मनाला चुटपुट लागून राहते. पतीच्या निधनानंतर तिचे सक्तीने केशवपन केले जाते. तिऱ्हाईत निवेदकाने हा प्रसंग अन्यायाचे एक उदाहरण म्हणून मांडला असता. यमूच्या तोंडून तो एका माणसावर झालेला आघात ठरतो.

हरिभाऊ या एकाच पद्धतीला चिकटून राहिले नाहीत. 'मी' या कादंबरीत त्यांनी पुन्हा प्रथम पुरुषी निवेदन वापरले, परंतु निवेदक बदलला. तेथे भावानंद हा समाजसेवेकडे वळणारा पुरुष आपली जीवनकथा सांगतो. बहिणीच्या दुःखाचा तो साक्षीदार आहे. यमूप्रमाणे ते दुःख त्याच्या देहावर कोसळत नाही, त्यामुळे त्याच्या कथनात विचाराला अधिक वाव मिळतो. पुढे 'उषःकाल' या शिवकालीन कादंबरीत ते तृतीय पुरुषी निवेदनाकडे परतले. गड, गुप्त मसलती आणि दरबार यांचा विस्तीर्ण पट एका पात्राच्या दृष्टीत मावणारा नव्हता. विषय बदलला की पाहणाराही बदलावा, हे भान यातून दिसते.

१९१२ मध्ये अकोला येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. पुणे नगरपालिकेतही त्यांनी काम केले. 'करमणूक' १९१७ पर्यंत चालले. ३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊंचे निधन झाले.

यमूचा आवाज अखेर एका पुरुषाने कल्पिलेला होता, ही त्याची मर्यादा नाकारता येत नाही. काशीबाई कानिटकर यांच्यासारख्या लेखिकेशी त्यांचा वाङ्मयीन स्नेह होता; तरीही यमूचे शब्द हरिभाऊंचेच राहतात. १९१० मध्ये रमाबाई रानडे यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या आणि त्या पिढीतील एका स्त्रीने स्वतःची कथा स्वतःच्या लेखणीने सांगितली. स्त्रीचे 'मी' ऐकण्याची सवय मराठी वाचकाला तोवर झाली होती. ती लावण्यात यमूचा वाटा मोठा होता.