आवाज नको!

इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेल हे नाव आपल्या सिव्हिलवाल्यांना तरी नवं नसावं. जन्म १८०६ चा, इंग्लंडातला. विशीत वडिलांच्या हाताखाली थेम्सच्या बोगद्यात उतरला, पाणी घुसलं तेव्हा मरता मरता वाचला. पुढे रेल्वे, पूल, जहाजं असं बरंच केलं.

पण खरा बघण्यासारखा दिवस १ सप्टेंबर १८५७ चा. टेमर नदीवर सॉल्टॅशच्या पुलाचा सांगाडा १,००० टनांहून जड. एवढं उचलणारी क्रेन आणायची कुठून? त्याने टोकांखाली पाँटून, म्हणजे पोकळ तराफे घातले. भरती आली, सांगाडा तरंगला! आता दोर ओढून तो नेमका खांबांच्या जागी न्यायचा. काठावर हजारो माणसं, पण ब्रुनेलची ताकीद एकच : आवाज नको. हुकूम फक्त झेंड्यांनी आणि आकड्यांच्या पाट्यांनी. सांगाडा बरोबर जागेवर बसला.

दोनच महिन्यांनी लंडनला ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाज रुळांवरून बाजूने नदीत सरकवायचं होतं. तिथेही त्याला शांतताच हवी होती. कंपनीने मात्र परस्पर तिकिटं विकली! गर्दी, गोंधळ, त्यात एका मजुराचा जीव गेला आणि जहाज अडलं. इंच इंच ढकलत ते पाण्यात पडायला ३१ जानेवारी १८५८ उजाडली.

ब्रुनेलची तब्येत तोवर पार ढासळली. मे १८५९ मध्ये सॉल्टॅशच्या पुलाचं उद्घाटन झालं, तिथे तो नव्हताच. नंतर उघड्या वॅगनवर कोच टाकून, आडवा पडूनच त्याने आपला पूल पाहिला. सप्टेंबरात गेला. वय ५३.