लाडकी लेक, खंबीर पर्सर

विमानाचा अपघात किंवा अपहरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर यंत्रं आणि बंदुका येतात. पण विमान सुरक्षेचा अभ्यास करणारे आणखी एका गोष्टीकडे फार बारकाईने बघतात, ती म्हणजे माणूस. घाबरलेला माणूस कसा वागतो, शिकवलेलं त्याला ऐनवेळी आठवतं का, बाकीचे त्याचं ऐकतात का, यावर कितीतरी जीव अवलंबून असतात. हे समजून घ्यायचं तर नीरजा भनोतचं आयुष्य बघावं. २०१६ साली तिच्यावर सिनेमा आला, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणी थिएटरात रडल्या असतील. पण रडून झाल्यावर विचार करावा असंही तिच्या आयुष्यात पुष्कळ आहे.

नीरजाचा जन्म ७ सप्टेंबर १९६३ चा, चंदीगडचा. वडील हरीश भनोत पत्रकार, आई रमा. दोन मुलांच्या पाठीवर झालेली ही लेक घरात सगळ्यांची 'लाडो'. कुटुंब मुंबईत आलं आणि ती मुंबईचीच झाली. बॉम्बे स्कॉटिशमध्ये शाळा, सेंट झेवियर्समध्ये कॉलेज आणि शिकता शिकता मॉडेलिंग.

१९८५ साली घरच्यांनी ठरवून तिचं लग्न करून दिलं. नवरा आखाती देशात नोकरीला. तिथे हुंड्यावरून छळ सुरू झाला आणि दोन महिन्यांत ती माहेरी परतली. समाजकार्याच्या निमित्ताने अशा परत आलेल्या कितीतरी मुली मी पाहते. लोक काय म्हणतील, या धास्तीने घरचेच त्यांना पुन्हा सासरी पाठवायला निघतात. भनोतांनी तसं केलं नाही. त्यांनी लेकीला घरात घेतलं आणि तिनेही रडत बसण्याऐवजी पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीत अर्ज केला. तिची निवड झाली, मायामीला प्रशिक्षण झालं आणि ती पर्सर, म्हणजे केबिनमधल्या कर्मचाऱ्यांची प्रमुख म्हणून परतली.

आमच्या रामदासपेठेतही हवाई सुंदरी म्हणजे नटूनथटून चहापाणी देणारी मुलगी, असं मानणाऱ्या बायका आहेत. पण तिचं खरं काम प्रवाशांचा जीव सांभाळणं हे असतं. आग लागली, दार उघडावं लागलं, कोणी शस्त्र काढलं तर काय करायचं, हे तिच्याकडून पुन्हा पुन्हा घोटून घेतलेलं असतं. कारण भीतीने डोकं बधिर झालं तरी हाताला लागलेली सवय काम करत राहते.

५ सप्टेंबर १९८६. मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं ७३ क्रमांकाचं विमान फ्रँकफर्टमार्गे न्यूयॉर्कला जायचं होतं. पहाटे ते कराचीला उतरलं. विमानात साडेतीनशेहून जास्त माणसं. सुरक्षा रक्षकांच्या वेशातले चार बंदूकधारी आत घुसले. नीरजाने लगेच कॉकपिटला इशारा दिला आणि वैमानिक छतातल्या झडपेतून बाहेर पडले. ऐकायला हे पळून जाणं वाटतं, पण वैमानिकच नसले तर विमान कुठे नेता येत नाही. ते जमिनीवरच राहिलं. मात्र आत उरलेल्या सगळ्यांची जबाबदारी आता बावीस वर्षांच्या पोरीवर आली.

अपहरणकर्त्यांना अमेरिकन प्रवासी हुडकायचे होते, म्हणून त्यांनी पासपोर्ट गोळा करायला लावले. नीरजा आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन पासपोर्ट गुपचूप लपवले. जवळजवळ सतरा तास ती पाणी, सँडविच देत, लोकांना धीर देत फिरत राहिली. प्रवासी बिथरले असते तर गोळ्या आधीच सुटल्या असत्या, असं मला वाटतं. रात्री विमानातली वीज गेली आणि अंधारात गोळीबार, हातबॉम्ब सुरू झाले. तिने आपत्कालीन दार उघडलं. पहिली उडी तिला घेता आली असती. ती प्रवाशांना बाहेर काढत राहिली आणि मुलांना वाचवताना गोळ्या लागून गेली. तिच्या तेविसाव्या वाढदिवसाला दोनच दिवस उरले होते. त्या दिवशी किमान वीस माणसं गेली, पण शेकडो वाचली.

१९८७ साली तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. हा सन्मान मिळालेली ती पहिली महिला. पाकिस्ताननेही तिचा गौरव केला आणि २००४ साली तिच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते आईवडिलांनी केलेलं काम. विम्याचे पैसे आणि पॅन ॲमने दिलेली रक्कम यातून त्यांनी तिच्या नावाने ट्रस्ट काढला. त्याचे दोन पुरस्कार ठरवले. एक कर्तव्यापलीकडे जाऊन काम करणाऱ्या विमान कर्मचाऱ्याला आणि दुसरा हुंड्यासारखा अन्याय सोसूनही उभी राहून इतर बायकांना हात देणाऱ्या स्त्रीला. लेकीच्या आयुष्यातल्या दोन्ही लढाया त्यांनी सारख्याच मानल्या.

मैत्रिणींनो, आता नागपूरहून लेकीकडे, मुलाकडे विमानाने जाणाऱ्या आपल्यात पुष्कळ जणी आहेत. पट्टा कसा बांधायचा, दार कुठे आहे, हे ती मुलगी दाखवत असते तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून बघा. आपल्यापासून जवळचं दार किती रांगांवर आहे ते मोजून ठेवा. नवं मोठं विमान वापरात येण्याआधी निम्मीच दारं उघडून ते ९० सेकंदांत रिकामं होतं, हे सिद्ध करावं लागतं. अशा वेळी कोणी वरची बॅग काढत उभं राहिलं तर मागच्यांचा जीव जाऊ शकतो. आणि सासरहून परत आलेली एखादी मुलगी ओळखीची असेल, तर तिच्या आईवडिलांना नीरजाच्या आईवडिलांबद्दल जरूर सांगा.