सान्तियागो आल्वारेझ : क्रांतीचा वृत्तपटकार

अनुबोधपट म्हटला की पडद्यावर धरणे आणि कारखाने दिसणार आणि पाठीमागून एक भारदस्त आवाज आकडेवारी सांगत राहणार, असे चित्र आपल्या मनात उभे राहते. क्यूबाचे दिग्दर्शक सान्तियागो आल्वारेझ यांनी १९६० नंतरच्या दशकात हे चित्र पार पालटून टाकले. निवेदकाला रजा देऊन त्यांनी मासिकांतून कापलेली छायाचित्रे, ठळक अक्षरे आणि संगीत यांच्या जुळणीतून अनुबोधपट घडविला. त्यांची ही कारकीर्द कौतुकाइतकीच चिकित्सेलाही पात्र आहे.

आल्वारेझ यांचा जन्म मार्च १९१९ मध्ये हवाना येथे झाला. पंधराव्या वर्षी ते छापखान्यात खिळे जुळविण्याच्या कामावर उमेदवार म्हणून लागले. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी पेनसिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणीत आणि न्यू यॉर्कमध्ये बशा विसळण्याच्या कामावर दिवस काढले. कृष्णवर्णीयांना तेथे मिळणारी वागणूक ते विसरले नाहीत. मायदेशी परतल्यावर ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि कालांतराने दूरचित्रवाणीच्या संगीतसंग्रहात नोकरीस लागले. अक्षरांची जुळणी आणि संगीताची जाण, ही या नोकऱ्यांतील शिदोरी त्यांना जन्मभर पुरली.

१९५९ साली फिदेल कास्त्रो सत्तेवर आले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये राष्ट्रीय चित्रपटसंस्था स्थापन झाली. तिच्या साप्ताहिक वृत्तपटाची धुरा १९६० मध्ये आल्वारेझ यांच्याकडे आली. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती आणि चित्रपटाचे शिक्षण असे त्यांना मिळालेले नव्हते. हा वृत्तपट १९९० पर्यंत चालला. त्याचे जवळजवळ १,५०० अंक निघाले. २००९ साली त्याच्या मूळ निगेटिव्हचा समावेश युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहात झाला.

अमेरिकेच्या व्यापारबंदीमुळे कच्ची फिल्म आणि यंत्रसामग्री दुर्मीळ झाली होती. या टंचाईतूनच आल्वारेझ यांची शैली जन्मास आली. अमेरिकी मासिकांतील छायाचित्रे, जुन्या चित्रपटांचे तुकडे, दूरचित्रवाणीवरील दृश्ये, जे हाती लागेल ते त्यांनी वापरले. स्थिर छायाचित्रावरून कॅमेरा फिरवायचा, कधी एकाच चेहऱ्यावर झेप घ्यायची, संगीताच्या तालावर चित्रे बदलायची, एवढ्यावर ते निर्जीव कागदात प्राण ओतीत. हजारांवर बळी घेणाऱ्या वादळावरील ‘सिक्लोन’ (१९६३) मध्ये त्यांनी निवेदन वगळले. ‘नाऊ’ (१९६५) या सहा मिनिटांच्या चित्रपटात गायिका लीना हॉर्न यांच्या गीताला अमेरिकेतील वर्णद्वेषी अत्याचारांच्या छायाचित्रांची जोड दिली. चे गेव्हारा यांच्या मृत्यूनंतर १९६७ साली त्यांच्यावरील चित्रपट अवघ्या दोन दिवसांत सिद्ध झाला. हो चि मिन्ह यांना वाहिलेल्या ‘७९ वसंत’ (१९६९) या श्रद्धांजलीपटाच्या अखेरीस तर फिल्मच फाटते, ओरखडली जाते, जळते. साम्यवादी चळवळीतील फुटीचे दुःख सांगण्यास त्यांना याहून प्रभावी साधन सापडले नसते.

परंतु कात्री आणि डिंकाचे हे सामर्थ्य धोक्याचेही आहे. ‘एलबीजे’ (१९६८) या चित्रपटात अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या नावाची आद्याक्षरे मार्टिन ल्यूथर किंग, बॉब केनेडी आणि जॅक केनेडी या तिघांच्या हत्यांशी जोडलेली आहेत. दोन चित्रे शेजारी ठेवली की प्रेक्षक त्यांतून कार्यकारणभाव काढतो. पुरावा मागत नाही. व्हिएतनाममधील संहाराबद्दल जॉन्सन यांना जबाबदार धरणे वेगळे आणि या तीन हत्यांचा संशय त्यांच्यावर ढकलणे वेगळे. हा भेद चित्रपटाने पाळला नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. आल्वारेझ यांची कात्री परकीय सत्तेवर निर्भयपणे चालली. स्वदेशातील सत्तेवर ती तशी चालली नाही. त्याच संस्थेतील निकोलास गियेन लांद्रियान यांनी ‘कॉफेआ अराबिगा’ (१९६८) या कोलाजपटात कॉफी लागवडीच्या सरकारी मोहिमेची मिस्कीलपणे खिल्ली उडविली. पुढे त्यांना संस्थेबाहेर जावे लागले, तुरुंगवास आणि मनोरुग्णालयही त्यांच्या वाट्याला आले. तंत्र जवळपास एकच, पण रोख कोणाकडे यावर दोघांचे भवितव्य ठरले. आल्वारेझ यांची क्रांतीवरील निष्ठा प्रामाणिक होती. परंतु निष्ठावंताला जे स्वातंत्र्य मिळते ते शंका घेणाऱ्यालाही मिळाले नाही, तर त्याला स्वातंत्र्य म्हणावे काय?

पार्किन्सनच्या विकाराने जर्जर झालेल्या आल्वारेझ यांचे २० मे १९९८ रोजी हवाना येथे निधन झाले. आज चित्रे कापणे, जोडणे आणि त्यांना संगीत चढविणे कोणासही क्षणात साधते आणि अशी जुळणी रोज लाखो लोकांपुढे येते. अशा वेळी आल्वारेझ यांच्याकडून दोन गोष्टी घेता येतील. साधने तोकडी आहेत ही सबब कलावंताला शोभत नाही, ही पहिली. दुसरी त्यांच्या कामाकडे पाहून प्रेक्षकाने शिकावयाची आहे. पडद्यावर काय जोडले गेले हे पाहताना काय कापून टाकले गेले, हेही त्याने विचारले पाहिजे.