डी. डी. कोसंबी : वाटेचे अंतर मोजणारा गोमंतकीय

तेरेखोलच्या माणसाला अंतराचे कोडे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नदीपलीकडचे केरी समोर दिसते. पण फेरीबोट बंद असली की आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून वळसा पडतो. गणितात अशा अंतराला टॅक्सीचे उदाहरण देतात. आडव्या-उभ्या रस्त्यांच्या शहरात तीन किलोमीटर पूर्वेला आणि चार उत्तरेला जायचे, तर सरळ रेषेत अंतर पाच भरते. टॅक्सीच्या मीटरवर मात्र सात. युक्लिडच्या चौकटीबाहेरच्या अंतरांचा खोलवर विचार करणारे एक मोठे गणिती आपल्या गोव्याचे होते. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण त्यांचा पेशा गणिताचा.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. १९१८ साली दामोदर वडिलांबरोबर अमेरिकेला गेले आणि १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले. बनारस व अलीगढ येथे शिकवून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले.

या काळात त्यांनी मार्गांच्या भूमितीवर संशोधन केले. नेहमीच्या भूमितीत मोजपट्टी आधी असते आणि सर्वांत जवळची वाट नंतर शोधतात. कोसंबींनी प्रश्न उलटा घातला : वाटा आधीच ठरलेल्या असतील, तर त्यांना शोभेल अशी मोजपट्टी मिळते का?

१९४४ साली त्यांनी हीच दृष्टी जीवशास्त्रात नेली. गुणसूत्रावर जनुके रांगेने असतात. पुढच्या पिढीत दोन जनुकांची ताटातूट जितकी जास्त, तितके त्यांच्यातले अंतर जास्त. पण ही टक्केवारी सरळ बेरजेत बसत नाही, कारण दोनदा झालेली अदलाबदल एकमेकींना झाकून टाकते. शिवाय एक अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होणे अवघड जाते. कोसंबींच्या सूत्राने शेजारच्या दोन टप्प्यांत २०-२० टक्के ताटातूट असेल, तर दोन टोकांमध्ये ती ४० नव्हे, सुमारे ३४.५ टक्के येते. हेच सूत्र टक्क्यांचे रूपांतर बेरीज करता येईल अशा अंतरात करते.

पुढे होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. तेथे १९६२पर्यंत ते गणिताचे प्राध्यापक होते. राहत मात्र पुण्यात, आणि डेक्कन क्वीनने मुंबईला जात. हजारो प्राचीन नाणीही त्यांनी तराजूवर तोलली. हातोहाती फिरून नाणे झिजते, म्हणून वजनातल्या घटीवरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज करता येतो. आमच्यासारख्या बँकवाल्यांना ही युक्ती लगेच पटते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

गोव्यात त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो; तेथे आठवण निघते ती बहुधा इतिहासाची. पण भाताच्या जनुकांचा नकाशा काढणारे शास्त्रज्ञ आजही कोसंबींचे सूत्र वापरतात. पेडण्याच्या शेतकऱ्याच्या पोरांना हे शाळेतच कळायला हवे.