अंधार रेखाटणारा कलामहर्षी

मराठी चित्रपटाच्या जन्मकथेत दादासाहेब फाळके यांच्यानंतर लगेच ज्यांचे नाव घ्यावे लागते, ते कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आज बहुतेकांना एक चित्रकार आणि मूकपटांचे दिग्दर्शक म्हणून माहीत असतात. मात्र आपल्याकडे रात्रीच्या उघड्या आभाळाखाली कृत्रिम प्रकाश नेऊन माणसाचा चेहरा आणि आकृती कॅमेऱ्यात पकडण्याचे धाडस प्रथम करणाऱ्यांत ते होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. घर कारागिरांचे. लाकूड, लोखंड, माती आणि रंग यांच्याशी लहानपणापासूनच हात खेळलेले. शाळेतील शिक्षण बेताचे झाले, पण नात्यातील थोरले बंधू आनंदराव यांच्यासोबत त्यांनी चित्रकला आणि शिल्पकला आत्मसात केली. नाटक मंडळ्यांसाठी त्यांनी रंगवलेले पडदे महाराष्ट्रात नावाजले गेले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडून 'पेंटर' हेच नाव कायम झाले. सपाट कापडावर महालाची खोली किंवा अरण्याची दाटी भासवायची, तर उजेड कोणत्या बाजूने येतो आणि सावली कुठे पडते, हे आधी ठरवावे लागते. पुढे कॅमेरा हाती आला तेव्हा हीच शिदोरी त्यांच्या कामी आली.

फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली पडद्यावर आला आणि या दोघा बंधूंना चलच्चित्राने झपाटले. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा यंत्राची रचना समजून घेऊन तो कोल्हापुरातच घडवायचे ठरले. 1916 साली आनंदरावांचे निधन झाले. खचून न जाता बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने ते काम तडीस नेले. भांडवलाचा प्रश्न गायिका तानीबाई कागलकर यांच्या साहाय्याने सुटला, छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय लाभला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 'सैरंध्री' हा तिचा पहिला मूकपट फेब्रुवारी 1920 मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रगृहात झळकला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. त्यासाठी त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले.

त्या काळचे चित्रण सूर्यावर अवलंबून होते. फिल्म आजच्या मानाने फारच मंद. तांबड्या रंगाला ती जवळजवळ आंधळीच होती. त्यामुळे उन्हात चित्रण करायचे आणि रात्रीचा प्रसंग असेल तर फिल्म निळ्या रंगात बुडवून प्रेक्षकांना रात्र मानायला लावायचे, ही जगभरची रूढी होती. बाबूरावांनी 'सिंहगड' हाती घेतला तेव्हा ही रूढी अपुरी पडली. हरी नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरील हा मूकपट 1923 सालचा. तानाजी मालुसरे गडावर चढले ती 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र, माघ वद्य नवमीची. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणारा. ज्या कथेचा प्राणच काळोखात आहे, ती भर उन्हात कशी रंगावी? बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा आधार घेतला आणि चांदण्याचा व धुक्याचा भास निर्माण केला. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा असा वापर प्रथमच झाला, असे चित्रपटाचे इतिहासकार मानतात.

या प्रयोगाचे मर्म दिव्यांच्या संख्येत नव्हते. ते दिवा ठेवण्याच्या जागेत होते. प्रकाश कॅमेऱ्याच्या डोळ्यालगत असला की तो समोरून सरळ आदळतो, सावल्या माणसाच्या पाठीमागे दडतात आणि चेहरा पत्र्यासारखा सपाट दिसतो. तोच दिवा बाजूला, थोडा उंच धरला की नाकाची धार, गालाचा उंचवटा, कपाळावरची आठी उठून दिसते. अंतराचा हिशेबही कठोर असतो. दिवा दुप्पट लांब नेला की प्रकाश निम्मा नव्हे, तर चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून रात्री माणूस उजळतो आणि मागचा कडा अंधारातच राहतो. त्या अंधाराचे काय करायचे, हे चित्रकाराला ठाऊक असते.

1925 सालच्या 'सावकारी पाश' मध्ये ही दृष्टी पौराणिक-ऐतिहासिक वैभवाकडून थेट शेतकऱ्याच्या झोपडीकडे वळली. कर्जापायी जमीन गमावून शहराच्या गिरणीकडे निघालेल्या तरुणाची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. अंधूक उजेडातील ती झोपडी आणि तिच्याजवळ केकाटणारे कुत्रे हे दृश्य निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणात कित्येक वर्षे राहिले. दारिद्र्य दाखवण्यासाठी प्रकाश वाढवावा लागत नाही, कमी करावा लागतो, हे बाबूरावांनी ओळखले होते.

पुढची वाट मात्र सुखाची नव्हती. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले सहकारी 1929 साली बाहेर पडले आणि 'प्रभात' ची स्थापना झाली. बोलपट आला, शब्दांच्या गर्दीत दृश्याची भाषा हरवेल, ही भीती बाबूरावांना वाटत राहिली. 'उषा', 'प्रतिभा' असे काही बोलपट त्यांनी केले, पण मन पुन्हा चित्रे आणि शिल्पांकडे वळले. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज नष्ट झाले आहेत. ज्याने अंधाराला प्रकाशाने आकार दिला, त्याचे कामच काळाच्या अंधारात गेले, ही मराठी कलाजगताची मोठी हानी आहे.

आज परभणी जिल्ह्यातील गंगाखेडला गोदाकाठी सांजवेळी कुणी छायाचित्रकार फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूच्या स्टँडवर चढवतो आणि मावळतीचा उरलासुरला उजेड मागे राखून समोरचा चेहरा उजळतो. साधने बदलली, वेग बदलला, हातातले यंत्र हलके झाले. पण दिवा कुठे ठेवायचा, हा प्रश्न तोच आहे. कोल्हापुरातील एका पडदे रंगवणाऱ्या कारागिराने तो शंभर वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता.