भारतीय वनस्पतिशास्त्राचे जनक विल्यम रॉक्सबर्ग

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या अरण्यात उन्हाळ्याबरोबर तेंदूपानांचा हंगाम सुरू होतो. विडीच्या या पानाला ‘डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन’ हे शास्त्रीय नाव देणारे डॉ. विल्यम रॉक्सबर्ग मात्र विस्मृतीत गेले आहेत. सालई आणि रोहन या वृक्षांच्या शास्त्रीय नावांनाही त्यांचे नाव जोडलेले आहे. रात्री उमलणाऱ्या तांबड्या कुमुदाचे ‘निम्फिया रुब्रा’ हे नावही त्यांचेच.

स्कॉटलंडमध्ये १७५१ साली जन्मलेल्या रॉक्सबर्ग यांनी एडिंबरा येथे वैद्यकाबरोबर वनस्पतिशास्त्राचे धडे घेतले. १७७६ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे सहायक शल्यचिकित्सक म्हणून मद्रासला आले. पुढे त्यांची नेमणूक गोदावरीच्या मुखाजवळील सामलकोट येथे झाली. सिरोंच्याजवळ प्राणहितेला पोटात घेऊन पुढे जाणारी तीच ही गोदावरी. तेथे त्यांनी मिरी, नीळ आणि तुतीची लागवड केली. सिंकोनाला पर्याय म्हणून रोहनाच्या सालीचा तापावर उपयोग होतो का, याचाही शोध घेतला.

१७८७ च्या वादळात समुद्राचे पाणी किनारपट्टीवर चढले. त्यात त्यांचे ग्रंथ, टिपणे आणि वर्षानुवर्षे जमविलेले वनस्पतींचे नमुने नष्ट झाले. एखादा खचून गेला असता. रॉक्सबर्ग यांनी पहिल्यापासून आरंभ केला. स्थानिक चित्रकारांना हाताशी धरून त्यांनी जिवंत वनस्पतींची चित्रे काढून घेतली. १७९३ मध्ये ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले. तेथे या चित्रांची संख्या अडीच हजारांवर गेली. ज्यांच्या कुंचल्यातून ती उतरली, त्या बहुतेक चित्रकारांची नावे मात्र कोणी नोंदविली नाहीत.

जिवंत वनस्पती पाहण्याचा हा आग्रह किती आवश्यक होता, हे कुमुदावरून कळते. कमळाची पाने पाण्याच्या वर उभी राहतात, तर कुमुदाची पाने पृष्ठभागावर तरंगतात. तांबडे कुमुद संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढू लागले की मिटते. फुलणे संपल्यावर देठ वळून पाण्याखाली जातो आणि फळ तेथेच पिकते. बी काही काळ तरंगते व मग गाळात बसते. तलाव आटला तरी चिखलातील कंद तग धरून राहतो. वाळवून कागदावर चिकटविलेल्या नमुन्यातून यातले फारच थोडे समजते.

प्रकृती ढासळल्यामुळे १८१३ मध्ये रॉक्सबर्ग यांनी भारत सोडला. वाटेत सेंट हेलेना बेटावरही त्यांनी वनस्पतींची यादी केली. १८१५ मध्ये एडिंबरा येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘फ्लोरा इंडिका’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ हस्तलिखितातच होता. विल्यम कॅरे यांच्या पुढाकाराने त्याचे पहिले भाग १८२० व १८२४ मध्ये आले आणि संपूर्ण ग्रंथ १८३२ मध्ये प्रसिद्ध झाला.

पूर्व विदर्भातील जुने मालगुजारी तलाव आज गाळाने उथळ होत आहेत. कुमुदाचा कंद एखादा कोरडा उन्हाळा सोसू शकतो. तलावच बुजला तर त्यालाही उपाय नाही. एखादी प्रजाती नाहीशी झाली हे कळण्यासाठी ती कधी काळी कोठे होती, याची नोंद असावी लागते. रॉक्सबर्ग यांनी ती नोंद ठेवली, आणि तीही सर्वस्व वाहून गेल्यानंतर.