बंद घड्याळांचा दोस्त

डोंबिवली-कल्याणच्या बऱ्याच घरांत ते असतं. पणजोबांच्या काळातलं, टोले देणारं घड्याळ. चाळीतून फ्लॅटमध्ये आलं, शोकेसवर बसलं आणि एक दिवस बंद पडलं ते पडलंच. भंगारात द्यायला मन होत नाही, उघडायची हिंमत होत नाही. अशी हिंमत केलेल्या एका हौशी माणसाची ही गोष्ट.

रुपर्ट गूल्ड. जन्म १८९०, इंग्लंड. नौदलात अधिकारी झाला. पण १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि त्याचं मन कोसळलं. आज आपण ज्याला ब्रेकडाऊन म्हणतो, तेच. लांबलचक रजेनंतर त्याला नौदलाच्या नकाशे बनवणाऱ्या विभागात टेबलावरचं काम मिळालं.

१९२० मध्ये त्याने ग्रीनिचच्या वेधशाळेत जॉन हॅरिसनची घड्याळं पाहिली. हॅरिसन अठराव्या शतकातला सुतार. भर समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम नेमकं कुठे आहे, हे कळायला अचूक घड्याळ लागायचं. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणजे घड्याळ चार मिनिटं चुकलं, तर विषुववृत्तावर जहाजाचा हिशेब तब्बल १११ किलोमीटरने चुकणार! (याच गणितामुळे आपल्या डोंबिवलीचा खरा सूर्य भारतीय वेळेपेक्षा सरासरी ३८ मिनिटं मागे असतो.) हॅरिसनने आयुष्य घालवून हा प्रश्न सोडवला. आणि त्याचीच घड्याळं आता धूळ खात, गंजत पडली होती.

गूल्डने ती दुरुस्त करायची परवानगी मागितली. घड्याळजीचं शिक्षण नाही, मोबदला एक पैसा नाही. तरी रॉयल अॅस्ट्रॉनॉमर फ्रँक डायसन यांनी हो म्हटलं. पहिल्या घड्याळावरची घाण त्याने टोपी झाडायच्या साध्या ब्रशने काढली. मग सुट्टीत, रात्री, घरी बसून काम सुरू. प्रत्येक भाग काढायचा, स्केच करायचं, वहीत लिहायचं. अशा १८ वह्या भरल्या. तिसऱ्या घड्याळात तर ७५३ भाग होते. त्या एकाला सात वर्षं लागली.

याची किंमतही त्याने मोजली. १९२७ मध्ये बायकोपासून कायदेशीर फारकत झाली. मुलं दुरावली, घर गेलं, नोकरीही गेली. तो आईकडे राहायला गेला. घड्याळांच्या वेडापायी संसाराकडे दुर्लक्ष झालं का? काही अंशी नक्कीच. त्याला हिरो ठरवताना हे विसरायला नको. पण सगळं विस्कटलेलं असताना तो रोज उठून एकेक चाक जागेवर बसवत होता, हेही तितकंच खरं.

१९३३ मध्ये पहिलं घड्याळ पुन्हा चालू लागलं. एव्हाना १३ वर्षं झाली होती. पुढे गूल्ड बीबीसी रेडिओवरचा लाडका आवाज बनला. मुलांना विज्ञान सांगायचा, समुद्री राक्षसांवर पुस्तकं लिहायचा, विम्बल्डनला पंचगिरीही करायचा. १९४८ मध्ये तो गेला. हॅरिसनची पहिली तीन घड्याळं ग्रीनिचला आजही टिकटिकतात.

तर, शोकेसवरचं ते घड्याळ उघडायचा विचार असेल, तर गूल्डची एक सवय उचला. काहीही काढण्याआधी नोंद करा. आपल्याकडे वहीऐवजी मोबाइल आहे, प्रत्येक स्टेपला फोटो काढा. आणि एक धोका लक्षात ठेवा. घड्याळ बंद असलं तरी आतली स्प्रिंग चावी दिलेली, ताणलेली असू शकते. ती एकदम सुटली तर बोटं सोलवटतात, चाकांचे दातेही तुटतात. तो ताण उतरवणं जमत नसेल, तर तेवढ्यापुरतं नाक्यावरच्या घड्याळवाल्या काकांकडे जा. आपल्याला येत नाही ते मान्य करणं, हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

आणि घाई नको. गूल्डला १३ वर्षं लागली होती. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी तर आहेच.